बुजायला टपलेलं भोक

रात्री साडेअकराला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात स्टीलची ताटली, आणि ताटलीत पिवळट पडलेली सिलिकॉनची नळी. नळीच्या टोकाला फुटून चिकटलेला इवलासा फुगा. "कुशीवर वळवताना निघून आली हो," एवढंच त्या म्हणाल्या.

पक्षाघात झाल्यापासून काकांना गिळता येत नव्हतं. सुरुवातीला नाकातून रायल्स ट्यूब होती, पण ती नाकात टोचायची, सारखी निघायची. मग पोटाच्या कातडीतून थेट जठरात उतरणारी ही नळी बसवली. दवाखान्यात सगळे तिला 'पेग' म्हणत, काकू मात्र 'पोटातली नळी'. त्यावर सात महिने गेले होते, मधे एकदा ती बदलूनही झाली होती. मी काकांचा सदरा वर करून बघितलं. बेंबीच्या वर, डावीकडे, पेन्सिल जाईल एवढं गोल भोक. रक्त नाही, दुखणं नाही, फक्त कडेला जरासा ओलसरपणा. मला वाटलं, मग घाई कसली? फोन केला त्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या माणसालाही तसंच वाटलं असावं. "सकाळी ओपीडीत घेऊन या."

सकाळी नऊला ड्रेसिंग निघालं तेव्हा तिथे उदबत्तीची काडी जेमतेम शिरेल एवढंच भोक उरलं होतं. डॉक्टरांनी बारीक सळई, मग तिच्याहून जाड, मग आणखी जाड अशा एकामागून एक घालून ते पुन्हा रुंद केलं, तेव्हा कुठे नवी नळी आत गेली. अजून काही तास उशीर झाला असता तर तोंडातून दुर्बीण घालायची सगळी खटपट पहिल्यापासून करावी लागली असती. सात महिने वापरात असलेला रस्ता एका रात्रीत जवळजवळ बंद झाला होता.

त्या सकाळपासून या नळीनं मला झपाटलं. या नळीमुळे होणाऱ्या त्रासांची यादी वाचायला घेतली, ती लांबलचक निघाली आणि पहिल्यांदा वाचताना घाबरायलाच झालं. दुसऱ्यांदा वाचताना वेगळंच दिसायला लागलं. यातल्या निम्म्याहून जास्त भानगडी शरीर बिघडल्यामुळे होत नाहीत. शरीर आपलं रोजचं काम, म्हणजे जखम भरून काढायचं काम, इमानदारीनं करतंय म्हणून त्या होतात. आपण पोटाला भोक पाडतो आणि ते उघडं राहावं अशी अपेक्षा धरतो. शरीराला हा करार ठाऊकच नसतो.

तसं हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. आपल्याकडे बाळाचे कान टोचले की सोनार लगेच सोन्याची तार अडकवतो. तार पडली आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही तर कान बुजतात, पुन्हा टोचावे लागतात. म्हणून तर कुडी काढली की आज्या भोकात कडुनिंबाची काडी घालून ठेवायला सांगायच्या. पण चाळीस वर्षं कुड्या वापरलेली बाई वर्षभर लंकेची पार्वती होऊन बसली, तरी तिचे कान बुजत नाहीत. नव्या भोकाला बुजायची घाई आणि जुन्याला बुजायचं नावच नाही, असं का?

भोकाच्या आत सुरुवातीला कच्चं मांस असतं. त्यात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्या स्नायूंसारख्या आकुंचन पावतात आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात. त्याच वेळी कातडीच्या पेशी दोन्ही तोंडांकडून आत सरकू लागतात. आतल्या भिंतीवरून चालत चालत या दोन फौजा मधे कुठेतरी भेटल्या की थांबतात. पेशीला पेशी टेकली, मोकळी कड उरली नाही, की त्यांच्या लेखी जखम संपली. आता तिथे बोगदा आहे, पण बोगद्याला अस्तर आहे, आणि अस्तर असलेल्या जागेला शरीर जखम मानतच नाही. पोटातल्या नळीभोवतीही हेच घडतं. फरक एवढाच की तिथे बाहेरून कातडी आत येते आणि आतून जठराचं अस्तर बाहेर येतं. त्यांची भेट होईपर्यंत, आणि ती कित्येकदा होतच नाही, नळी हाच एकमेव अडसर. तो निघाला की भिंती आवळायला मोकळ्या.

पूर्वीच्या सर्जनांना मात्र याच्या अगदी उलट अडचण होती. १८४९ साली स्ट्रासबर्गमध्ये शार्ल-एमान्युएल सेदिय्यो या सर्जनानं अन्ननलिका बंद पडलेल्या रुग्णाच्या जठराला मुद्दाम भोक पाडलं. रुग्ण वाचला नाही, आणि पुढची पंचवीसेक वर्षं इतरांचे प्रयत्नही जवळपास असेच संपले. जठर म्हणजे पोटाच्या भिंतीला शिवलेली पिशवी नाही, ते आत सुटं, निसरडं, हलतं असतं. भिंतीला आणि जठराला मिळून भोक पाडलं आणि जठर जरा मागे सरकलं, की आतलं आंबट पाणी पोटाच्या पोकळीत सांडतं आणि तिथे आग लागते. तिला पेरिटोनायटिस म्हणतात. सोबत जंतूही असतातच. आणि योगायोग बघा, जंतूंसाठी जगभर वापरला जाणारा 'मायक्रोब' हा शब्द पुढे १८७८ साली याच सेदिय्योनं सुचवला.

त्यानंतर टाक्यांच्या नाना युक्त्या निघाल्या, पण पोट उघडावं लागायचंच. ते टळलं १२ जून १९७९ ला, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या बालरुग्णालयात. मायकेल गाउडरर हे मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे दुर्बिणीचे तज्ज्ञ. रुग्ण होतं साडेचार महिन्यांचं बाळ. त्यांच्या युक्तीचं मूळ एका साध्या दृश्यात आहे: अंधाऱ्या खोलीत लहान मुलाच्या पोटात दुर्बीण गेली की तिचा दिवा पोटाच्या कातडीतून बाहेर दिसतो. लहानपणी आपण बॅटरीवर तळहात धरून बोटं लाल करायचो, तसा. पोटावर जिथे उजेड पडला तिथे कातडी आणि जठर यांच्या मधे फारसं काही नाही. तिथेच बाहेरून सुई घातली, सुईतून दोरा सोडला, आतल्या दुर्बिणीनं दोरा पकडून तोंडावाटे बाहेर काढला, त्याला नळी बांधली आणि पोटाकडचं टोक ओढलं. नळी तोंडातून शिरली, घशातून उतरली, जठरात पोचली आणि पोटाच्या भिंतीतून बाहेर आली. आत राहिलं ते अळंबीच्या टोपीसारखं जाड टोक. त्याला बंपर म्हणतात. बाहेरून एक चकती. आत बंपर, बाहेर चकती, मधे जठराची आणि पोटाची भिंत. टाका एकही नाही.

मग जठर जागेवर राहतं कसं? चिकटून. दोन घायाळ पृष्ठभाग एकमेकांना टेकले की शरीर मधे फायब्रिनचा चिकट थर ओततं आणि पुढे त्याचे पक्के धागे करतं. पोटाच्या इतर शस्त्रक्रियांत ही चिकटण सर्जनची डोकेदुखी असते. आतडी एकमेकांना चिकटतात आणि वर्षानुवर्षं त्रास देतात. इथे मात्र सगळी मदार तिच्यावरच. ती भरवशाची व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, रुग्ण खंगलेला असेल तर आणखी. म्हणून पहिल्या महिन्यात नळी निघाली तर ती घरी परत घालायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सुटं झालेलं जठर मागे सरकलेलं असतं, नळी भोकातून शिरते पण पोचते भलतीकडेच, आणि वरून फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, दिलं की ते पोकळीत. नंतरच्या काळात बदललेली नळीसुद्धा जठरातच आहे ना, याची खात्री करूनच पहिलं फीड द्यायचं.

सगळ्यात अजब प्रकार मात्र पुढेच आहे. त्याला 'बरीड बंपर' म्हणतात, म्हणजे गाडला गेलेला बंपर.

गावाबाहेर रस्त्याकडेच्या वडाला कुणीतरी पाटी ठोकते. वीस वर्षांनी बघावं तर पाटीच्या कडा झाडानं गिळलेल्या असतात, अर्धी अक्षरं सालीच्या आत. पोटातही तेच होतं. नळी हलू नये, गळू नये म्हणून कुणीतरी, बहुतेक वेळा काळजीपोटीच, बाहेरची चकती कातडीला घट्ट आवळून ठेवतं. मग आतला बंपर जठराच्या भिंतीत रुतून बसतो. दाबाखालच्या मांसाला रक्त मिळत नाही, तिथे व्रण होतो आणि बंपर हळूहळू भिंतीत उतरतो. मागे राहिलेल्या खड्ड्यावर जठराचं अस्तर पसरू लागतं. त्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्यानं बनत असतात, तेव्हा पसरण्यात त्या तरबेज. एक दिवस दुर्बीण घालून बघावं तर जठर आतून गुळगुळीत, बंपरचा पत्ताच नाही. भिंतीवर फारतर एक उंचवटा आणि त्यात सुईच्या अग्राएवढं छिद्र. बाहेरून नळी जिथल्या तिथे. घरचे फीड देत असतात आणि ते नेटानं ढकलावं लागतंय, आज जरा दुखतंय, कडेनं गळतंय, अशा तक्रारी चालू असतात.

हे टाळायचा उपाय ऐकून मला हसू आलं होतं. चकती आणि कातडी यांच्या मधे सेंटिमीटरभर जागा ठेवायची. आणि पहिले काही आठवडे गेले, डॉक्टरांनी परवानगी दिली, की आठवड्यातून एकदा तरी नळी दोन-तीन सेंटिमीटर आत सारायची, गोल फिरवायची आणि परत जागेवर आणायची. बस. कान टोचलेल्या मुलीला आई आंघोळीच्या वेळी तार फिरवायला सांगते, तेच. नळी फिरली नाही, आत गेली नाही, तर समजायचं की आत काहीतरी शिजतंय.

गळतीची गोष्टही अशीच उलट्या चालीची. भोकाच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं की कुणालाही दोनच उपाय सुचतात: चकती आवळा, नाहीतर जाड नळी घाला. नळाच्या कामात दोन्ही बरोबर, इथे दोन्ही चूक. आवळलं तर कडेच्या मांसाचं रक्त तुटतं आणि भोक मोठं होतं. जाड नळी घातली तर भोक तिच्या मापाचं होतं आणि काही दिवसांनी पुन्हा गळायला लागतं. मग अनुभवी डॉक्टर काय करतात? जुनं, पक्कं भोक असेल तर नळी दिवसभर चक्क काढून ठेवतात, किंवा तिच्या जागी बारीक नळी घालतात. त्या रात्री काकांना ज्या सवयीनं गोत्यात आणलं, तीच इथे कामाला लावायची. भोक स्वतःहून आवळतं आणि मग पहिल्याच मापाची नळी नीट बसते. मधल्या काळात कातडीला जपावं लागतं. जठरातलं आम्ल रक्ताच्या तुलनेत दहा लाख पटीपर्यंत तीव्र असू शकतं. ते आत सहन होतं कारण आतलं अस्तर त्यासाठीच घडलंय. पोटावरच्या कातडीला ती सवय नाही. ती लाल होते, सोलते.

नळीभोवती कधीकधी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलं, हात लावताच रक्त येणारं मांस वर येतं. काकूंना तो कॅन्सर वाटला आणि दोन रात्री त्या झोपल्या नाहीत. ते असतं जखम भरणारं कोवळं मांस, ग्रॅन्युलेशन. नळी सारखी हलते, घासते, त्यामुळे जखम मिटल्याची खूण त्याला मिळत नाही आणि ते वाढतच राहतं. सिल्व्हर नायट्रेटच्या काडीनं सिस्टर ते जाळतात आणि नळी नीट चिकटवून ठेवतात.

क्लीव्हलंडच्या युक्तीची एक किंमतही आहे. नळी तोंडातून ओढली जाते, म्हणजे तोंडातले जंतू बरोबर घेऊन पोटाच्या ताज्या जखमेत उतरते. म्हणून प्रक्रियेआधीच अँटिबायोटिक देतात. पण तोंडात जंतूंशिवाय आणखीही काही असू शकतं. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा, मशेरी यांच्या पायी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर झालेल्या कितीतरी लोकांना ही नळी लागते. अशा रुग्णात क्वचित, फार क्वचित, घशातल्या गाठीच्या पेशी नळीला घासून पोटाच्या भोकापर्यंत पोचतात आणि तिथे रुजतात. म्हणजे गाठ घशात आणि तिचं पिल्लू पोटावर. हे लक्षात आल्यापासून अशा रुग्णांत शक्य असेल तिथे नळी तोंडातून न ओढता बाहेरूनच थेट जठरात घालायची पद्धत अनेक जण पसंत करतात.

दिव्याचा उजेडही दर वेळी खरं सांगत नाही. जठराच्या अंगाला लागूनच मोठं आतडं आडवं पसरलेलं असतं. कधी त्याची एक घडी मधे येते आणि सुई तिलाही आरपार करून जठरात जाते. गंमत अशी की पुष्कळदा यानं काहीच होत नाही! नळी आतड्यातून पार होऊन जठरात गेलेली असते, सगळं चिकटतं, महिनोन्‌महिने फीड बरोबर जागी पडत राहतं. मग नळी बदलायची वेळ येते. जुनी निघते, नवी आत जाते, पण तिचं टोक या वेळी मधल्या आतड्यातच थांबतं. त्या दिवसापासून फीड दिलं की थोड्याच वेळात जुलाब, आणि जुलाबात जसंच्या तसं फीड. कोडं सुटायला वेळ लागतो. सुटल्यावर इलाज अनेकदा एवढाच असतो की नळी काढायची आणि दोन्ही भोकं शरीराला बुजवू द्यायची.

आणि तो फुगा. बदलीच्या नळीत बहुतेकदा बंपरऐवजी पाण्यानं भरलेला फुगा असतो. जठर मिनिटाला साधारण तीनदा आकुंचन पावतं आणि आतलं सगळं पुढे, लहान आतड्याच्या दाराकडे ढकलतं. फुगा त्याला घासच वाटतो. चकती सैल असेल तर ते फुग्याला ओढत नेऊन दारातच अडकवतं, वाट बंद होते आणि रुग्ण उलट्या करायला लागतो. म्हणून नळीवर कातडीजवळ कितवा आकडा दिसतोय तो रोज बघायचा. चार होता आणि आज सात झाला, तर नळी प्रवासाला निघालीय.

नळी तुंबण्याचं शास्त्र मात्र स्वयंपाकघरातलंच. दुधात लिंबू पिळलं की काय होतं ते आपण जाणतो. फीडमध्ये दुधाचं प्रथिन असेल आणि नळीत जठराचं आम्ल चढून आलं, तर ते तिथेच नासतं आणि बूच बसतं. तरीही तुंबलेली नळी मोकळी करायला लोक कोला ओततात. कोलाही आंबटच, म्हणजे नासलेल्यात आणखी लिंबू. कोमट पाणी, छोट्या नव्हे, मोठ्या सिरिंजनं, हळूहळू मागेपुढे करत, हे त्याहून चांगलं. काकूंचा अनुभव वेगळा होता. त्या नाचणीची आंबील करायच्या, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या, पण गार झाली की ती नळीत घट्ट व्हायची. फीडच्या आधी आणि नंतर पाणी सोडायची सवय लागल्यावर तो त्रास संपला. कुटलेल्या गोळ्यांचा मात्र शेवटपर्यंत राहिला.

न बुजणाऱ्या भोकाची गोष्ट राहिलीच. ६ जून १८२२. उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात चुकून बंदूक सुटली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या डाव्या कुशीत जठरापर्यंत भगदाड पडलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो वाचेल असं वाटलं नव्हतं. तो वाचला, आणि कसा, तर फाटलेल्या जठराची कड बाहेरच्या जखमेच्या कडेला आपोआप चिकटली. सेदिय्योच्या २७ वर्षं आधी, विनाटाक्याचं, निसर्गानं केलेलं तेच काम. अस्तराला कातडी भेटली आणि जखम संपली असं शरीरानं ठरवलं. भोक कधीच बुजलं नाही. पुढे जठराच्या अस्तराची एक घडी वाढून आतून झडपेसारखी बसली, बोटानं ढकलली की उघडायची. बोमाँट यांनी त्यातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ओढून परत काढले, किती विरघळले ते बघितलं, आणि १८३३ साली पचनावरचं आपलं पुस्तक छापलं. सेंट मार्टिन रागावला की त्याचं पचन बिघडतं, हेही त्यांनी टिपलं. रागवायला त्याला कारणं भरपूर होती. १८८० साली तो वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी देह कुजू दिला आणि मग आठ फूट खोल पुरला.

आजही ज्या मुलांना ही नळी वर्षानुवर्षं लागते त्यांच्यातल्या काहींचं भोक नळी काढल्यावर तसंच राहतं. तेव्हा सर्जन त्या बोगद्याचं अस्तर खरवडतात किंवा बोगदाच कापून काढतात. बरी झालेली जागा पुन्हा जखमी केल्याशिवाय बुजत नाही.

काकांची नळी दहाव्या महिन्यात निघाली. गिळणं हळूहळू परतलं होतं. आधी दह्याचा चमचा, मग मऊ भात. ओपीडीत फुग्यातलं पाणी ओढून डॉक्टरांनी नळी काढली, वर गॉझची घडी चिकटवली आणि सांगितलं, दोन-तीन दिवस ओलं होईल. तिसऱ्या दिवशी गॉझ कोरडी निघाली. आता तिथे एक खळी आहे, आणि काकांना दोन बेंब्या आहेत असं त्यांचा नातू शाळेत सांगत फिरतो. काकूंनी मलमलचं फडकं धुऊन, घडी घालून डब्यात ठेवलंय. काका आंबिलीकडे आता बघतही नाहीत, भाकरीच मागतात.